माळव्याहून निघालेला बाण

महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकात, संग्रहालयातल्या फलकावर आणि स्पर्धा परीक्षेच्या टिपणात जवळजवळ एकाच क्रमानं येते. आधी तापीकाठची सावळदा संस्कृती, मग उत्तर हडप्पा (इथं उत्तर म्हणजे नंतरच्या काळातली), मग माळवा, शेवटी जोर्वे. सोबत नकाशा असतो आणि त्यावर एक जाड बाण. नर्मदेकाठच्या नावडातोलीहून तो निघतो, बऱ्हाणपूरच्या खिंडीतून तापीत उतरतो, सातमाळा ओलांडून प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यात शिरतो आणि घोड-भीमेपाशी थांबतो. त्याच्याखाली माळवा लोकांचं आगमन लिहिलेलं असतं आणि काळ दिलेला असतो इ.स.पू. १६००.

या बाणाचा मुख्य आधार आहे रंगवलेली खापरं. घरं, हाडं, धान्य, दफनं हे सगळं उत्खननात सापडलं, पण बाणाची दिशा ठरवली ती लाल-नारिंगी लेपावर काळ्या रेषा ओढलेल्या भांड्यांनी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तसं करणं योग्यच होतं, कारण तुलना करायला हाताशी दुसरं फारसं काही नव्हतं. आज मात्र तो बाण पुराव्याच्या मानानं फार ठाम वाटतो. त्याची कसून तपासणी करता येईल असं साहित्य आपल्या कोठारांत आणि गावोगावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत, पडून आहे, आणि ते तपासलं जाण्याआधीच हातचं जातं आहे. माझी तक्रार इतिहासकारांच्या आपसातल्या मतभेदाबद्दल नाही. सार्वजनिक पैशातून खणलेल्या आणि सार्वजनिक जमिनीत उरलेल्या पुराव्याचं आपण काय करतो, याबद्दल ती आहे.

आधी भांड्यांकडे नीट पाहू. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथं उत्खनन केलं आणि त्या गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं. जोर्वे भांड्याची माती बारीक गाळलेली असते, भांडं चाकावर घडवलेलं असतं आणि चांगलं भाजलेलं, इतकं की टिचकी मारली तर धातूसारखं खणखणतं. पृष्ठभाग चकाकी नसलेला लाल-नारिंगी आणि नक्षी काळी. ती बहुतेक भौमितिक असते, जाळी, तिरप्या रेषा, समांतर पट्टे, आणि तीही हात राखून काढलेली. घाट थोडे आणि ठरलेले: पोटाशी ठसठशीत कोन असलेला वाडगा, नळीसारखी तोटी असलेलं भांडं, उंच मानेचा गोल घडा.

माळवा भांडं जोर्वे भांड्याच्या आधीचं. लेप जाडसर, माती काहीशी भरड, आणि तुकडा मोडून पाहिला तर आतला गाभा बऱ्याचदा राखाडी दिसतो. याचा अर्थ भट्टीत हवा किंवा वेळ कमी पडला आणि मातीतला सेंद्रिय अंश पूर्ण जळला नाही. नक्षी मात्र भरगच्च. नावडातोलीच्या भांड्यांवर शेकडो आकृतिबंध नोंदवले गेले. त्यांत हरणं आहेत, मोर आहेत, नाचणारी माणसं आहेत. सावळद्याच्या भांड्यांवर बाणाची टोकं आणि हत्यारं रंगवलेली दिसतात, म्हणून तीही चटकन ओळखू येतात.

ही झाली खास भांडी. जेवण ज्यात शिजलं, धान्य ज्यात साठलं, ती भांडी वेगळी असत. जाड, भरड, लाल किंवा राखाडी, बहुतेक हातानं घडवलेली, रंग नाही की लेप नाही. घोड नदीकाठच्या इनामगावला आणि प्रवरेकाठच्या नेवाशाला लहान मुलांचं दफन ज्या रांजणांत केलेलं सापडलं, ते याच जातीचे. रोजच्या जगण्याचा बराचसा भार या भांड्यांवर होता, पण नकाशाच्या बाणात त्यांना जागा मिळालेली नाही.

त्यांना जागा दिली की चित्र गुंतागुंतीचं होतं. दख्खनमधल्या हातघडणीच्या राखाडी भांड्यांचं आणि रांजणातल्या दफनांचं जवळचं नातं उत्तरेशी जुळत नाही, ते दक्षिणेशी जुळतं. कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन वसाहतींत, ब्रह्मगिरी, टेक्कलकोटा अशा ठिकाणी, अर्भकांना घड्यात पुरण्याची चाल दिसते आणि घासून गुळगुळीत केलेली राखाडी भांडीही दिसतात. नेवाशाचं उत्खनन झालं तेव्हापासूनच अभ्यासकांनी हे साम्य नोंदवून ठेवलं आहे. उलट खुद्द माळव्यात या काळातली दफनं जवळजवळ सापडतच नाहीत. इनामगावात मात्र घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल, शेजारी तोटीचं भांडं आणि वाडगा, अशी दफनं मोठ्या संख्येनं मिळाली. प्रौढांना उताणं झोपवून पुरलं होतं आणि कित्येकांची पावलं घोट्याखाली तोडलेली होती. मेलेल्या मुलाचं काय करायचं ही गोष्ट कोणताही समाज सहजासहजी बदलत नाही. जेवायचा वाडगा बदलायला एक पिढी पुरते. मग लोक कुठले, हे ठरवताना आपण वाडग्याचं ऐकलं आणि रांजणाकडे कानाडोळा केला, याचं समर्थन कसं करायचं?

रंगीत तोटीचं भांडं आणि वाडगा ही पेय देण्या-घेण्याची जोडी होती, असं त्यांच्या घाटावरूनच दिसतं. पाहुण्यासमोर मांडायची भांडी सगळ्यात लवकर पसरतात. त्यांची नक्कल होते, अदलाबदल होते, लग्नात ती दिली जातात, फिरता कारागीर ती दुसऱ्या गावात घडवून देतो. आपल्याकडे घरात मुरादाबादी पितळेचा तांब्या असला म्हणून ते घर मुरादाबादहून आलं असं कुणी म्हणत नाही. इ.स.पू. १६०० च्या घराला मात्र आपण हाच नियम लावतो.

याच वाटेनं किती दूर भरकटता येतं याचं उदाहरण आपल्या पुरातत्त्वाच्या इतिहासातच आहे. नावडातोलीला पन्हाळीसारखी तोटी असलेले वाडगे सापडले. सांकलियांनी त्यांची तुलना इराणमधल्या सियाल्कसारख्या स्थळांच्या भांड्यांशी केली आणि या साम्यातून पश्चिमेकडून आलेल्या लोकांचा, पुढं जाऊन आर्यांचा, माग काढण्याची शक्यता मांडली. सांकलिया फार मोठे संशोधक होते. महाराष्ट्राला प्रागितिहास आहे हे त्यांनी नदीच्या दरडी पायी तुडवून सिद्ध केलं, आणि या लेखातला निम्मा पुरावा त्यांच्याच कामातून आलेला आहे. पण इराण आणि नर्मदा यांच्यामध्ये त्या वाडग्यांची सलग साखळी नाही. द्रव ओतायचा वाडगा असेल तर त्याला पन्हाळ काढण्याची कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. इराणचा बाण हळूहळू पुस्तकांतून गळून गेला. माळव्याचा बाण त्याच तर्कावर उभा असूनही टिकून राहिला, कारण अंतर कमी होतं आणि म्हणून तो पटण्यासारखा वाटला.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. इनामगावात माळवा थर हा सगळ्यात खालचा थर आहे. त्याच्याखाली शेतकऱ्यांचं आणखी जुनं गाव नाही. म्हणजे बार्ली, मसूर, गाई-बैल, शेळ्यामेंढ्या आणि चौकोनी कुडाची घरं घेऊन घोडेच्या काठावर कुणीतरी येऊन वसलं, ही गोष्ट खरीच. इनामगावचं उत्खनन करणाऱ्या म. के. ढवळीकरांनी स्थलांतराचा मुद्दा धरून ठेवला तो याच बळावर. भांडी एकटी चालत येत नाहीत आणि बार्लीचं बी तर मुळीच नाही. प्रश्न आहे तो आलेली माणसं नेमकी कुठून आली, किती आली आणि आल्यावर कुणाशी सोयरिकी झाल्या, याचा. नर्मदेहून थेट कुटुंबं आली? की प्रवरेकाठच्या जुन्या गावांतली वाढती माणसं दोन-तीन पिढ्यांत घोडेकडे सरकली? की दक्षिणेकडचे गुराखी आणि उत्तरेकडचे शेतकरी भीमेच्या खोऱ्यात एकत्र आले, आणि वाडगा एकाचा व रांजण दुसऱ्याचा राहिला? या तिन्ही गोष्टींत रंगीत खापरं सारखीच मिळतील. फरक पडेल तो साध्या भांड्यांत, मातीत आणि घडवण्याच्या पद्धतीत.

दायमाबादकडे पाहिलं की ही शंका अधिकच बळावते. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठचं हे स्थळ. १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांनी आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी ते खणलं. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच थर इथं एकावर एक सापडतात. प्रत्येक थराला भांड्यावरून नाव दिलेलं आहे. १९७४ मध्ये सापडलेले ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सगळ्यांना ठाऊक असतात. पण या प्रश्नासाठी त्या चार शिल्पांहून मोलाचं आहे ते एक साधं निरीक्षण: लोक बदलले असं पाच वेळा म्हणायचं असेल, तर त्या प्रत्येक वेळी चुली, कुडाची बांधणी, दगडी पात्यांची घडण आणि भरड भांडी हेही बदललं का, हे दाखवावं लागेल. गारगोटीच्या जातीच्या दगडाची समांतर कडांची पाती पाडण्याची पद्धत तर सिंधपासून कर्नाटकापर्यंत सारखीच होती. माळव्यातून जोर्व्यात जाताना इनामगावात घरांचा आणि दफनांचा धागा तुटत नाही. म्हणून माळवा आणि जोर्वे यांना दोन लोकसमूह म्हणणारे आता फारसे उरलेले नाहीत, पण फलकांवर मात्र "जोर्वे लोक" अजून आहेत.

मग बाण तपासायचा कसा? याचं उत्तर महाग यंत्रात नाही, निदान सुरुवातीला तरी नाही.

पहिली पायरी मोजणीची. आपल्याकडच्या जुन्या उत्खननांत काठ, बूड, तोटी आणि रंगीत तुकडे ठेवून उरलेली साधी खापरं मोजून, कधी न मोजताही, खड्ड्यापाशीच टाकून देण्याची रीत होती. कित्येक ठिकाणी आजही आहे. त्यामुळे रंगीत भांड्याचं प्रमाण फुगतं. नुसते तुकडे मोजणंही फसवं असतं, कारण पातळ भांड्याचे वीस तुकडे होतात आणि जाड रांजणाचे सहा. म्हणून प्रत्येक थरातलं सगळं खापर जातवार तोलायचं, आणि काठाच्या तुकड्यांवरून भांडी मोजायची. एककेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर काठ उलटा टेकवून व्यास काढायचा आणि वर्तुळाचा किती भाग हाती आहे ते लिहायचं. २४ सेंमी व्यासाच्या तोंडाचा सहावा हिस्सा मिळाला असेल तर ते ०.१७ भांडं. अशा सगळ्यांची बेरीज म्हणजे तुलनेला योग्य आकडा. काठाचा तुकडा तीन-चार सेंमीहून लहान असेल तर व्यासात सहज पाच-सहा सेंमीची चूक होते. ते तुकडे वेगळे ठेवावेत, अंदाजानं बसवू नयेत. आणखी एक खोट लक्षात ठेवायला हवी: शिजवायचं मडकं वर्ष-दोन वर्षांत फुटतं, साठवणीचा रांजण कित्येक वर्षं टिकतो. त्यामुळे उकिरड्यात मडकी जास्त दिसतात म्हणून घरातही तेवढीच जास्त होती असं धरता येत नाही.

दुसरी पायरी घडवण्याच्या पद्धतीची. माणसं हलली, का फक्त भांडी हलली, हे सगळ्यात जास्त इथं कळतं. नक्षी पाहून उतरवता येते. हाताची सवय मात्र वर्षानुवर्षं कुणाच्या शेजारी बसल्याशिवाय येत नाही. भांडं चाकावर ओढलं की मातीतल्या पोकळ्या तिरप्या ताणल्या जातात. मातीची वळी एकावर एक रचून नंतर चाकावर फक्त साफ केलं असेल, तर पोकळ्या आडव्या राहतात आणि तुकडा वळीच्या सांध्यावर सरळ रेषेत फुटतो. एक्स-रे काढला तर हा फरक उघड दिसतो, आणि फुटलेल्या कडा भिंगाखाली पाहिल्या तरी बराच कळतो. आतून दगडी गोटा धरून बाहेरून फळीनं थापटलेल्या रांजणाच्या आत उथळ खळगे राहतात. चाकावरून दोऱ्यानं कापलेल्या बुडावर शंखासारख्या वळणाच्या रेषा असतात. इनामगावचं भरड भांडं आणि त्याच काळातलं नर्मदेकाठचं भरड भांडं एकाच रीतीनं घडवलं असेल, तर स्थलांतराला खरा आधार मिळेल. रंगीत भांडी सारखी आणि भरड भांड्यांची रीत निराळी असेल, तर बाण वाडग्यापुरताच ठेवावा लागेल.

तिसरी पायरी मातीची, आणि इथं दख्खनची स्वतःची अडचण आहे. खापराचा ०.०३ मिमी जाडीचा छेद काचेवर चिकटवून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर वाळूचे कण कोणत्या खडकाचे हे ओळखता येतं. ठिसूळ खापर आधी रेझिनमध्ये मुरवून घ्यावं लागतं, नाहीतर घासताना कण निखळतात आणि भोकंच मोजली जातात. प्रवरा, घोड, भीमेचा वरचा भाग आणि नेवासे-पैठणपर्यंतची गोदावरी ही सगळी बेसॉल्टची भूमी. इथल्या वाळूत एकच एक काळा पाषाण. त्यामुळे इनामगावचं भांडं प्रवरेकाठचं की घोडेकाठचं, हे छेदावरून सांगणं कठीण. पण नर्मदेचं तसं नाही. वरच्या बाजूला ती विंध्याचा वालुकाश्म, जबलपूरचा संगमरवर आणि जुने रूपांतरित खडक कापून येते. तिच्या वाळूत क्वार्ट्झ, फेल्स्पार आणि अभ्रक असायला हवं. म्हणजे नर्मदाकाठी घडलेलं भांडं भीमेच्या खोऱ्यात आलं असेल तर ते वेगळं उठून दिसेल. इथंही घसरायची एक जागा आहे. बेसॉल्टच्या पोकळ्यांत अकीक आणि गारगोटी तयार होते आणि तीही क्वार्ट्झच्याच कुळातली. ती तंतूमय दिसते, रूपांतरित खडकातला क्वार्ट्झ प्रकाशात हेलकावत विझतो. हा फरक न करता "क्वार्ट्झ सापडला, म्हणजे नर्मदेचं" असं लिहून टाकलं की नवा खोटा बाण तयार होतो.

जोर्वेची माती इतकी गाळलेली आहे की छेदात पाहण्यासारखे कण थोडेच उरतात. तिथं मूलद्रव्यांचं मापन लागतं. हातात धरायचं एक्स-रे यंत्र आता अनेक विद्यापीठांत आहे आणि त्याचा सर्रास गैरवापर होतो. खापराच्या बाहेरच्या अंगाला यंत्र लावलं तर ते लेप, रंग आणि तीन हजार वर्षांत मुरलेला चुना मोजतं. राखेच्या थरातल्या खापरात फॉस्फरस बाहेरून शिरतो, कॅल्शियम आणि बेरियमही. म्हणून ताजी मोडलेली कड घ्यावी, शक्यतो थोडी भुकटी करून तीन-चार ठिकाणी वाचन घ्यावं, आणि जमिनीतून शिरणारी मूलद्रव्यं तुलनेतून वगळावीत. कोठारात आणखी एक घात आधीच झालेला असतो. खापरावरचा चुन्याचा थर काढायला सौम्य आम्ल वापरलेलं असतं, आणि त्या आम्लानं मातीतले चुन्याचे कणही विरघळलेले असतात.

भाजण्याचं तापमान काढायची कृती मात्र कुठल्याही महाविद्यालयात करता येईल अशी आहे. एका खापराचे बोटाच्या पेराएवढे सहा तुकडे करायचे. एक तसाच ठेवायचा, बाकीचे विजेच्या भट्टीत हवा खेळती ठेवून अनुक्रमे ५००, ६००, ७००, ८०० आणि ९०० अंश सेल्सिअसला तासभर भाजायचे. ज्या तापमानाला रंग आणि सच्छिद्रता मूळ तुकड्यापासून वेगळी व्हायला लागते, त्याच्या जवळपास मूळ भट्टी गेली होती. काळ्या जमिनीच्या प्रदेशात या प्रश्नाला धार आहे. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. साधारण ८०० अंशांच्या आसपास त्यांचा कळीचा चुना होतो, तो पुढं हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि भट्टीतून धड निघालेल्या भांड्याच्या अंगावरून काही दिवसांनी ढपले उडतात. निव्वळ काळी माती तर वाळतानाच चिरते, कारण ती फार आक्रसते. म्हणून कुंभाराला नदीचा गाळ निवडावा लागतो, खडे चाळावे लागतात, राख किंवा लीद मिसळावी लागते. जोर्वेचा कारागीर बारीक माती चांगली भाजून खणखणीत भांडं काढत होता, म्हणजे त्याला ही माती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. नुकत्याच आलेल्या परक्याचं हे काम वाटत नाही. माळव्याचा राखाडी गाभा ते जोर्वेचा एकसारखा नारिंगी गाभा हा बदल प्रवरेच्या खोऱ्यातच, तिथल्या मातीशी झटत घडला, असं मला वाटतं. त्याची कसोटी याच तुकड्यांनी लागेल.

काळाचा प्रश्न वेगळाच. बाणाला आधी आणि नंतर लागतं. नर्मदेचं भांडं आधीचं आणि घोडेचं नंतरचं हे दाखवता आलं पाहिजे. जुन्या कार्बन तारखा कोळशावरून काढलेल्या आहेत, त्यांत दोन्ही बाजूंना शंभरेक वर्षांचं अंतर धरावं लागतं. शिवाय कोळसा घराच्या खांबाचा असेल तर झाडाचं वय त्यात मिसळतं. एवढ्या सैल तारखांत नावडातोली, दायमाबाद आणि इनामगाव यांचा क्रम लावणं म्हणजे अंदाजच. इनामगावात जळलेलं धान्य भरपूर मिळालं. बार्लीचा एक दाणा एकाच वर्षाचा असतो आणि आजच्या पद्धतीला काही मिलिग्रॅम पुरतात. उत्तर जोर्वेचा शेवट इ.स.पू. ७०० धरतात, तिथं मात्र वेगळी सावधगिरी हवी. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात कार्बन तारखांचा आलेख सपाट होतो आणि कितीही चांगला नमुना दिला तरी एकच एक शतक हाती लागत नाही.

माणसं हलली का, हे थेट विचारायचं असेल तर दात आहेत. दाताचं कवच लहानपणी तयार होतं आणि त्या वेळी खाल्लेल्या अन्नातून स्थानिक खडकातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य त्यात बसतं. बेसॉल्टवर वाढलेला आणि कर्नाटकातल्या जुन्या ग्रॅनाइट-नाईसच्या प्रदेशात वाढलेला माणूस यांत फरक पडतो. इनामगावात दोनशेहून जास्त दफनं मिळाली, पण त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची आहेत आणि मुलं तिथंच जन्मलेली असणार. प्रौढ थोडे. म्हणून त्या थोड्या प्रौढांचा एकेक दात अतिशय जपून, आधी ठसा आणि छायाचित्र घेऊन, एकदाच वापरावा लागेल. एकदा पावडर केलेला दात परत येत नाही.

हे सगळं ज्यावर करायचं, ते टिकणार आहे का? खरा सार्वजनिक प्रश्न हा आहे. जोर्वे संस्कृतीची दोनशेहून अधिक स्थळं महाराष्ट्रात नोंदली गेली आहेत. त्यांतली मोजकीच खणली गेली आणि त्याहूनही मोजकी संरक्षित आहेत. बाकीची म्हणजे नदीकाठची पांढरीची टेकाडं. राखेनं आणि शेणामातीनं तयार झालेली ही माती खतासारखी शेतात टाकायला, भिंती लिंपायला, वीटभट्टीला आणि रस्त्याच्या भरावाला नेतात. शेतकऱ्याला त्यात दोष देण्यात अर्थ नाही. ती जमीन त्याची आहे आणि तिच्यात काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. जेसीबीनं एका दिवसात जेवढा थर उतरतो तेवढा हातानं खणायला उत्खननाचा अख्खा हंगाम लागतो. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात संरक्षित स्थळाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र येतं, पण ते संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळालाच. यादीत नसलेल्या टेकाडाला काहीच नाही.

सगळी टेकाडं संरक्षित करा अशी मागणी मी करणार नाही. ती होणार नाही, आणि झाली तर गावकरी पुरातत्त्वाचे शत्रू होतील. पण गौण खनिजाचा परवाना देताना तहसील कार्यालयानं त्या गटात नोंदलेलं स्थळ आहे का एवढं तपासावं, हे अशक्य नाही. त्यासाठी जुन्या सर्वेक्षणांतली स्थळं गटक्रमांकासह एका यादीत यावी लागतील. आज ती शोधप्रबंधांत आणि अहवालांत "गावाच्या वायव्येस अर्धा किलोमीटर" अशा वर्णनांत पडून आहेत. परवाना द्यायचाच असेल तर आधी टेकाडाची एक उभी कड साफ करून थर काढावेत, प्रत्येक थरातून वीस-तीस लिटर माती पाच मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावी, सगळं खापर तोलावं आणि धान्यासाठी थोडी माती पाण्यात तरंगवून पाहावी. चार-पाच माणसांचं आठवडाभराचं काम. यातून थाटामाटाचा शोध लागणार नाही, पण साध्या भांड्यांचा आकडा आणि तारखेसाठी दाणे मिळतील.

कोठारांबद्दल दोन गोष्टी. नवं खापर पाण्यानं धुवून टाकायच्या आधी प्रत्येक थरातले दहा-वीस मडक्यांचे तुकडे न धुता, हातमोजे घालून, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून ठेवावेत. मडक्यात मुरलेल्या चरबीचा माग त्यातूनच लागतो आणि प्लास्टिकची पिशवी व हाताचं तेल तो बिघडवतात. आणि जुन्या उत्खननांच्या पेट्या जागा नाही म्हणून हलवताना चिठ्ठ्या वेगळ्या होतात. थर कुठला हे हरवलेलं खापर या प्रश्नापुरतं मेलेलं असतं. नवीन उत्खननाला परवानगी देताना त्याच संस्थेच्या जुन्या पेट्यांची यादी मागावी. नवं खणण्याचा उत्साह सगळ्यांना असतो, जुनं मोजायला कुणी तयार नसतं, आणि निधीही त्याच प्रमाणात मिळतो.

कुठून सुरुवात करावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. पाच ठिकाणं घ्यावीत: नर्मदेकाठचं नावडातोली, तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे, गिरणेकाठचं बहाळ, प्रवरेकाठचं दायमाबाद आणि घोडेकाठचं इनामगाव. प्रत्येकाच्या माळवा थरातली पन्नास भरड आणि पन्नास रंगीत खापरं, म्हणजे एकूण पाचशे. सोबत त्या त्या नदीची वाळू आणि गाळ, म्हणजे तुलनेला स्थानिक माती राहील. छेद, घडणीच्या खुणा, पुन्हा भाजण्याची चाचणी आणि जिथं दाणा आहे तिथं तारीख. दोन-तीन वर्षांत होईल असं काम आहे. इनामगावची भरड भांडी नर्मदेच्या रीतीनं घडवलेली निघाली आणि तारखा उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत गेल्या, तर पुस्तकातला बाण राहू द्यावा, फक्त त्याखाली पुरावा लिहावा. ती रीत कर्नाटकाच्या राखाडी भांड्यांशी जुळली, तर दुसरा बाण तुंगभद्रेकडून भीमेकडे काढावा लागेल आणि फलकावरून "माळवा लोक" हे शब्द काढून "माळवा पद्धतीची भांडी वापरणारी गावं" असं लिहावं लागेल.